वरच्या पाण्याचं तापमान

टोपण रबराचं होतं, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, काळं. त्याच्या कडेवर हिरवट साय वाळून बसली होती, नखानं खरवडली तर भुकटी होऊन पडेल अशी. कीबोर्डच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या एका लहानशा वर्तुळात कुणीतरी ते ठेवलं होतं, आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. एका बाजूला बारीक चीर गेली होती. वास येत होता – तळाच्या चिखलाचा, थंड, जुन्या नाण्यांसारखा वास.

"खालच्याचं आहे ते," दारातून आवाज आला. बोटवाले काका चौकटीच्या बाहेरच उभे होते. गुडघ्यापर्यंतचे बूट चिखलाचे असले की ते कुणाच्याही खोलीत पाऊल टाकत नसत. "तडकलं होतं. वरच्याचं धड होतं, पण म्हटलं एक बदलतोय तर दोन्ही बदलू. यंत्राची नोंद तुमच्याकडे असते ना, ताई, म्हणून आणून ठेवलं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि नोंदीची वही ओढली.

काका दर सोमवारी पहाटे बोट घेऊन तलावाच्या उथळ कोपऱ्यात जात, तिथल्या तरंगत्या बोयावर बसवलेलं यंत्र पुसत, तारा ओढून बघत आणि परत येऊन चहा पीत. आज चहाची घाई दिसत नव्हती. "पाणी काय तापलंय," ते म्हणाले. "बादली भरून थर्मामीटर धरला. सव्वीस. माझ्या वहीत लिहितो मी दर वेळी, पहिल्यापासूनची सवय. कुणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी."

"सव्वीस?"

"जरा वरच. पण सव्वीस धरा."

तिनं नोंद लिहिली – तारीख, टोपणं दोन, जुनी काढली, नवी बसवली – आणि काका गेल्यावर पेन तसंच हातात धरून बसली. शुक्रवारी तिनं संस्थेचा आलेख बघितला होता. अर्धा मीटर खोलीवर बावीस अंश, चार महिने जसा चालला होता तसाच मुकाट्यानं चाललेला निळा धागा. बावीस आणि सव्वीस. थर्मामीटर जुना असेल, बादली उन्हात तापली असेल, काकांचा चष्मा... हे सगळं ती मनात म्हणत गेली, आणि म्हणत असतानाच तिला कळत होतं की आपण हे फार भराभर म्हणतो आहोत. कारण अडकला होता तो आकडा नव्हे, शब्द अडकला होता. खालच्याचं. म्हणजे खालचा एक आहे आणि वरचा एक आहे. म्हणजे दोन आहेत. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या यंत्राची पुस्तिका तिनंच वाचली होती – एक सेन्सर अर्ध्या मीटरवर, दुसरा चार मीटरवर. ठाऊक होतंच. पण घरात एक खोली आहे हे ठाऊक असूनही माणूस महिनोन्‌महिने तिचं दार उघडत नाही, तसं ते ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी तिनं चाळणी लिहिली होती. संस्थेतल्या यंत्रांकडून येणाऱ्या फायली घ्यायच्या, आकडे चाळायचे, आलेख काढायचे – एवढंच त्या प्रोग्रामचं काम, म्हणून गमतीनं दिलेलं नाव, आणि ते असं चिकटलं की आता मोठे मोठे पाहुणेसुद्धा गंभीर चेहऱ्यानं "चाळणीत बघा" म्हणत. जुन्या यंत्रांची फाइल म्हणजे रेघारेघांच्या वहीचं एक पान: वेळ, आकडा, वेळ, आकडा. चाळणीला तेवढंच वाचता येई आणि तेवढं पुरे. नव्या यंत्राची फाइल मात्र पान नव्हतं, कपाट होतं. त्यात कप्पे, कप्प्यांच्या आत कप्पे. प्रत्येकावर चिठ्ठी – हे मोजमाप कुठल्या खोलीवरचं, कुठल्या एककातलं. आणि एकेका आकड्याशेजारी यंत्रानं स्वतःच केलेली खूण, हा आकडा पक्का आहे की संशयाचा. आता सगळी नवी यंत्रं असंच लिहितात. आणि चाळणी त्या कपाटासमोर उभी राहून प्रामाणिकपणे सांगायची की इथे काहीच नाही, फाइल रिकामी आहे.

म्हणून तात्पुरता. त्रेचाळीस ओळींचा एक लहानसा प्रोग्राम. कपाटातून आकडे काढायचे, जुन्या पानावर उतरवायचे आणि चाळणीसमोर ठेवायचे. नाव तिनंच दिलं होतं, घाईत, पुढे बदलू म्हणून. संस्थेत तात्पुरत्या म्हणून आलेल्या सगळ्या गोष्टींचं जे होतं – जिन्याखालची तात्पुरती खोली, मोडक्या खिडकीला लावलेला तात्पुरता पुठ्ठा – तेच त्याचंही झालं. चार महिने तो रोज पहाटे आपोआप चालत होता.

तिनं कालची फाइल कच्ची उघडली, कुठल्याही प्रोग्राममधून न घालता, आतल्या नावांची नुसती यादी पडद्यावर उतरवत. दोन कप्पे. वरच्या कप्प्यात एक तक्ता: तापमान. खालच्या कप्प्यात एक तक्ता: तापमान. एकाच नावाची दोन भावंडं. मग तिनं तात्पुरता उघडला, आणि तिला वाचावंही लागलं नाही. सत्ताविसावी ओळ. वरच्या कप्प्यातलं तापमान उचलून जागेवर ठेवायचं. मग खालच्या कप्प्यातलं तापमान उचलून – त्याच जागेवर ठेवायचं. आधीचं पुसून. आणि पानाच्या डोक्यावर, तिनं स्वतः टाइप केलेलं: खोली अर्धा मीटर.

तर सगळी संस्था चार महिने चार मीटरचं पाणी बघत होती आणि त्याला वरचं पाणी म्हणत होती.

तिला पहिल्यांदा जाणवलं ते हे की आपल्याला आश्चर्य वाटलेलं नाही.

कारण त्या फाइलवरची तारीख... ती वाचायची तिला गरज नव्हती. लोखंडी खुर्च्यांची रांग, एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे टोकाला कुणी पाय हलवला की सगळी रांग हलायची. दाराच्या वर लाल दिवा. आत आई. खुब्याचं हाड मोडलेलं, वय एकोणऐंशी, हृदय आधीच दमलेलं, आणि डॉक्टरनं कागद पुढे करताना वापरलेला तो शब्द – जोखीम – जणू काही आई कुठल्याशा धाडसी सफरीवर निघाली होती. ऑफिसातून फोन आला होता: नव्या यंत्राची पहिली फाइल आली आहे, चाळणी रिकामी म्हणते आहे, उद्या पाहुणे आहेत, काही करता येईल का? आणि तिला केवढं हायसं वाटलं होतं. लॅपटॉप उघडला की दिवा दिसत नव्हता. तिनं भराभर लिहिलं, बोटं न थांबवता. दुसऱ्या कप्प्याचं नंतर बघू असं एकदा मनात आलं आणि निघून गेलं. आणि शेवटची ओळ लिहून झाल्यावर, चालवायच्या आधी, अगदी आधी...

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या फटक्यात चाललं तर आई बाहेर येईल. असं. इतक्या स्पष्ट शब्दांत. नवस बोलणाऱ्यांना हसणारी, भविष्याचा रकाना आला की वर्तमानपत्राचं पान उलटणारी, गणित शिकलेली बाई – आणि तिनं यंत्राशी सौदा केला. बटण दाबलं. चाललं. एकही तक्रार न करता चाललं. तिचा कुठलाही प्रोग्राम जन्मात पहिल्या फटक्यात चालला नव्हता. वीस मिनिटांनी दार उघडलं, डॉक्टर तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढत बाहेर आला आणि म्हणाला, झालं, ठीक आहे सगळं.

त्यानंतर तिनं त्या त्रेचाळीस ओळींना हात लावला नाही. बाकी सगळं ती तीनदा तपासते – एकदा कागदावर, एकदा यंत्रावर, आणि एकदा मध्ये रात्र जाऊ देऊन, ताज्या डोळ्यांनी. संस्थेत तिची त्यावरून थट्टा होते. हेच तेवढं नाही. दोनदा कशासाठी तरी ते पडद्यावर उघडलं गेलं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं ते हलकेच मिटलं होतं, आत कुणी झोपलेलं असताना दार लोटावं तसं. काम वाढलंय, वेळ नाही, चालतंय ना... कारणं होती, भरपूर होती. पण खरं ते एकच. हात लावला तर सौदा मोडेल.

"ताई, एक मिनिट आहे?"

शेवाळवाली होती. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं, तिच्या कपावरही तेच लिहिलेलं होतं; तलावातल्या शेवाळावर गेली सहा वर्षं काम करणारी, पस्तिशीची, कराराची मुदत या हंगामापुरती उरलेली. आज तिच्या हातात कागद होते आणि चेहऱ्यावर, लपवायचा म्हटलं तरी न लपणारा, आनंद. या वर्षी कोपऱ्यातलं वरचं पाणी गेल्या दहा वर्षांपेक्षा तीन-चार अंशांनी थंड राहिलं, आणि तरीही शेवाळ नेहमीपेक्षा जास्त माजलं – हा तिचा शोध होता. थंड पाण्यातलं शेवाळ. सगळे म्हणत होते उष्णतेनं वाढतं; ती सिद्ध करणार होती की नाही, दुसरंच काहीतरी आहे. लेख शुक्रवारी जायचा होता.

"यंत्राबद्दल एक वाक्य हवंय," ती म्हणाली. "‘नवे यंत्र जुन्यापेक्षा अधिक अचूक आहे’ असं लिहिलं तर चालेल ना? म्हणजे कुणी म्हणायला नको की तुमचे आकडेच चुकलेत."

पडद्यावर सत्ताविसावी ओळ उघडी होती. शेवाळवालीला ती दिसत होती, पण तिला त्यातलं काही कळलं नसतं. आणि त्या क्षणी हिच्या मनात अख्खी वाट तयार होऊन आली – किती गुळगुळीत, किती सोपी. ओळ बदलायची. चार महिन्यांच्या फायली पुन्हा चालवायच्या. आणि सांगायचं की यंत्राच्या जुळणीत थोडा फरक होता, आता दुरुस्त केलाय, आकडे बदलतील. टोपण तडकलं होतंच; नोंदही आहे. रबराच्या तुकड्यावर ढकलता येईल. कुणीही विचारणार नाही. कोण वाचतं त्रेचाळीस ओळी?

"दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "मी खाली येऊन सांगते."

"काही प्रॉब्लेम आहे का?"

"येते मी खाली."

शेवाळवाली गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच उतरत गेला, आणि ही तो शेवटपर्यंत ऐकत राहिली. का नाही सांगितलं? तोंडाशी आलं होतं. नाही, आलं नव्हतं, खोटं कशाला.

अकरा वाजता फोन वाजला. रोज अकरा वाजता आई स्वतः फोन करते. चालण्याचा व्यायाम झाला की नाही याची हजेरी देते.

"चालले," आई म्हणाली. "दारापर्यंत. परत यायचं राहिलंय."

"म्हणजे तू दारात उभी आहेस?"

"उभी कशाला? खुर्ची आहे की. बसलेय. रस्ता बघतेय. समोरच्यांनी नवीन फाटक बसवलंय, कसलं भिकार आहे, तुला काय सांगू."

"काठी जवळ आहे?"

"काठी मला सोडून कुठे जाणार आहे." मग आईनं विषय बदलला. "उद्या तो हाडाचा फोटो काढायचाय. तू रजा काढू नकोस. शेजारीण येते म्हणालीय, तिलाही तिचा गुडघा दाखवायचाय."

"बघू."

"आवाज का असा?"

"काही नाही. कामात एक चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी."

"मग बरंय," आई म्हणाली. "दुसऱ्याची असती तर आठवडाभर ऐकावं लागलं असतं मला."

ती हसली. हसता हसताच तिला वाटलं की आईला हे सांगावं का – तू आत होतीस तेव्हा मी बाहेर काय केलं ते. आई काय म्हणाली असती? बहुतेक काहीच नाही. फाटकाकडे बघत राहिली असती. आईला स्वतःच्या मरणाच्या गोष्टीत फारसा रस नव्हता. भूल उतरल्यावर पहिला प्रश्न तिनं विचारला होता तो स्वतःच्या दातांच्या डबीबद्दल. तिला जगवलं ते तिच्या हाडांनी, त्या डॉक्टरच्या हातांनी आणि तिच्या हट्टानं, आणि मी मात्र चार महिने मनातल्या मनात श्रेय एका बिघडलेल्या प्रोग्रामला देत बसले... बिघडलेल्या. तो कधी चाललाच नव्हता. ही गोष्ट आता, फोन ठेवताना, पहिल्यांदा तिच्या ध्यानात आली, आणि पायाखालची एक पायरी नाहीच असं कळावं तसं तिला झालं. पहिल्या फटक्यात चालला होता कुठे? पहिल्या फटक्यात तो चुकला होता. फक्त गप्प राहून चुकला होता.

ती उठली आणि जिना उतरली.

खालच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, फिकट हिरव्यापासून काळपट हिरव्यापर्यंत. शेवाळवाली त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवत होती. ही दारातच थांबली नाही, थेट टेबलापर्यंत गेली. थांबली असती तर वाक्य जुळवत बसली असती.

"तुझे आकडे वरच्या पाण्याचे नाहीत," ती म्हणाली. "चार मीटरचे आहेत. नवीन यंत्रात दोन सेन्सर आहेत, आणि मी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याचे आकडे पहिल्यावर ठेवतो, पहिल्याचे पुसून. पहिल्या दिवसापासून. चूक माझी आहे, यंत्राची नाही. खरे आकडे मूळ फायलींमध्ये सुरक्षित आहेत."

शेवाळवालीनं हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, कोपरे दाबले. मग दुसरी घेतली.

"म्हणजे थंड पाणी नव्हतंच."

"नव्हतं. आज सकाळी सव्वीस होतं."

"म्हणजे मी काहीच शोधलेलं नाही."

बाजूच्या पंपाचा बुडबुड आवाज येत होता. शेवाळवालीनं तिसरी चिठ्ठी हातात घेतली, पण ती चिकटवायची कुठे हे बहुधा विसरली.

"तुम्ही सगळं तीन तीनदा तपासता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सगळे हसतात तुम्हाला त्यावरून. मी नाही हसत. मी म्हणायचे, ताईंकडून आलेलं असेल तर मला बघायची गरज नाही. मग हेच का नाही तपासलं?"

"त्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं."

"हं. कळलं," शेवाळवाली म्हणाली – लगेच, सभ्यपणे, अशा वेळी सगळे म्हणतात तसं, आणि संभाषण तिथे संपवता आलं असतं. दार उघडंच होतं. पण ते उत्तर नव्हतं; उत्तरासारखं दिसणारं, सगळ्यांना चालणारं काहीतरी होतं, आणि आपण ते पुढे करून त्याच्या आड उभ्या आहोत हे तिला स्पष्ट दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीचं ते कारण झालं. नंतरच्या चार महिन्यांचं नाही. नंतर मी मुद्दाम बघितलं नाही. चाललं होतं, आई वाचली होती, आणि मला त्याला हात लावायची भीती वाटत होती. मूर्खपणा होता. पण तो तसा होता."

शेवाळवालीनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती, राग होता, आणि रागाच्या मागे कुठेतरी थोडंसं कुतूहल, नवी जात भिंगाखाली आल्यावर असतं तसं.

"मला थोडा वेळ एकटीला राहू द्या," ती म्हणाली.

जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर अधिक ताठ होत गेली, ही एक गंमतच. वरच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. संस्थेचा कारभार सांभाळून थकलेला, मुळात भला माणूस. वाईट बातमी ऐकताना चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती. तिनं सगळं सांगेपर्यंत काचा लख्ख झाल्या होत्या.

"पण दुरुस्ती किती?" त्यांनी विचारलं. "एक ओळ ना?"

"एक ओळ. दहा मिनिटं."

"मग बदला की."

"नाही," ती म्हणाली. "मी तात्पुरता बंद करणार आहे. चाळणीला नवीन फायली स्वतःहून वाचता यायला हव्यात. कप्प्यांसकट, खुणांसकट. आज एक ओळ बदलली तर आजचं भागेल. पुढच्या महिन्यात नदीच्या तोंडावर दुसरं यंत्र बसतंय, त्यात पाच कप्पे आहेत. आणि साहेब, यंत्र प्रत्येक आकड्याशेजारी लिहून पाठवतंय की याच्यावर विश्वास ठेवा, याच्यावर ठेवू नका. आपण ते सगळं फेकून देतोय. ते सांगतंय आणि आपण ऐकतच नाही."

"मागच्या वर्षी मी विचारलं तेव्हा तुम्ही सहा आठवडे म्हणाला होतात, आणि तेव्हा आपल्याकडे सहा आठवडे नव्हते."

"आता आठ लागतील."

"वाढले कसे?"

"मागच्या वर्षी मला वाटत होतं की मी चुकत नाही. आता तपासायला दोन आठवडे जास्त धरलेत."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चार महिन्यांचे अहवाल बाहेर गेलेत. दुरुस्तीचं पत्र काढावं लागेल. त्यात कारण लिहावं लागेल. तांत्रिक बिघाड म्हणता येईल..."

"बिघाड नव्हता. चूक होती. माझं नाव घाला."

"तीन वर्षांत तुम्ही निवृत्त होणार. कशाला उगाच... आणि खरं सांगू का, बाहेर तयार प्रोग्राम मिळतात आता. वरचे लोक म्हणतील, चाळणीच काढून टाका."

हे तिनं आधी कधी मोठ्यानं ऐकलं नव्हतं. लागलं. एकोणीस वर्षं... पण लागलं ते वेगळ्या जागी, जिथे सहन करता येतं तिथे. "काढा," ती म्हणाली. "तयार प्रोग्राम दोन्ही कप्पे नीट वाचत असेल तर मी स्वतः तो बसवून देईन. पण आधी मी त्याला आपल्या फायली घालून बघणार. तीनदा. तोवर मला आठ आठवडे द्या."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "मी हो म्हणालेलो नाही."

"नाहीही म्हणाला नाहीत."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

चार वाजता शेवाळवाली वर आली. डोळे धुतलेले होते, केस पुन्हा बांधलेले. "वरचे आकडे द्या," ती म्हणाली. "कच्चे. तुमच्या कुठल्याही प्रोग्राममधून न गेलेले."

ते वाक्य जिथे बसायचं तिथे बसलं. तिनं खुर्ची सरकवून जागा केली आणि दाखवलं – फाइल कशी उघडायची, कप्पा कसा निवडायचा, संशयाची खूण कुठे असते. शेवाळवालीनं स्वतःच्या हातानं करून बघितलं, दोनदा. मग ही म्हणाली, "एवढ्यावरही विश्वास ठेवू नकोस," आणि खाली जाऊन काकांची वही मागून आणली; काकांनी ती पुसून दिली, जणू तिच्यावरही चिखल असेल. दोघी मान घालून बसल्या. वहीतलं सव्वीस, फायलीतलं सव्वीस पूर्णांक दोन. वहीतलं साडेचोवीस, फायलीतलं चोवीस पूर्णांक चार. एका सोमवारी दोन अंशांचा फरक निघाला, आणि शेजारी यंत्रानं स्वतःच खूण केलेली होती: संशयित. शेवाळवालीनं त्या खुणेवर बोट ठेवलं आणि खाली खाली जात राहिली.

"शुक्रवारी मी काही पाठवत नाही," शेवटी उठताना ती म्हणाली. धन्यवाद म्हणाली नाही, रागही पुन्हा काढला नाही. फायली घेऊन गेली. ती पुन्हा कधी इथे येऊन तसा सहज प्रश्न विचारेल का, हे काही सांगता येत नव्हतं.

उन्हं तिरपी होऊन टेबलावर आली. बाहेर कुणीतरी सायकलींच्या रांगेतून आपली सायकल ओढत होतं. तिनं पत्र लिहून साहेबांकडे पाठवलं, आठ आठवड्यांचं, एकेका आठवड्यात काय होणार ते मांडून. आणि मग तात्पुरता उघडला, पहाटेच्या कामांच्या यादीतून तो काढायला. एक नाव निवडायचं, एक कळ दाबायची. बोट कळीवर गेलं आणि थांबलं.

उद्या आईचा हाडाचा फोटो आहे.

आलीच ती भीती. हसू येण्याइतकी वेळ साधून आली. भीती मूर्ख आहे हे तिला माहीत होतं, सकाळपासून चांगलंच माहीत होतं, दुसऱ्या बाईसमोर तिनं ते मोठ्यानं कबूलही केलं होतं, आणि त्या माहीत असण्यानं भीतीचं वजन एक गुंजभरही कमी झालेलं नव्हतं. उद्याचा दिवस जाऊ दे, परवा काढ – इतक्या समंजस, इतक्या मवाळ आवाजात बोलत होती ती. आणखी एक पहाट चालला तर काय बिघडणार आहे?

एका पहाटेचे आकडे बिघडतील, तिनं स्वतःला सांगितलं, आणि कळ दाबली.

यादीतली ओळ गेली. खोलीत काही झालं नाही. पंखा फिरत होता. तिचा उजवा हात आपोआप फोनकडे गेला – नुसतं विचारायला, आई काय करतेस, चहा झाला का, एवढंच – आणि फोन उचललाही गेला, आईचं नाव पडद्यावर आलंही, तेव्हा तिला उमगलं की हाही सौदाच आहे. आवाज ऐकला की सुटका, असा. तिनं फोन पालथा ठेवला. आई बरी असेल किंवा नसेल. घरी गेल्यावर कळेल. उद्याचं हाड जुळलेलं असेल किंवा नसेल, आणि या टेबलावरची कुठलीही ओळ त्या हाडापर्यंत पोचत नाही – हे किती उघडं, किती एकटं करणारं सत्य होतं. चार महिने तिच्याकडे काहीतरी होतं ज्याच्या आधारानं आई जगत होती. आता नव्हतं. आता आई आपली आपणच जगत होती, दारात खुर्ची टाकून, लोकांच्या फाटकाला नावं ठेवत.

तिनं नवीन रिकामी फाइल उघडली, आणि चाळणीत काही लिहायच्या आधी, दोन कप्पे आणि एकच नाव असलेली एक अगदी लहान चाचणी लिहायला घेतली, चाळणीला कप्पे अजून वाचता येत नसल्यामुळे जी आज नापासच होणार होती, व्हायलाच हवी होती. पहिली ओळ लिहून झाली. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिच्या लक्षात आलं की भीती अजून शेजारीच बसलेली आहे, गेलेली नाही, पण तिच्याशी आता काही बोलायचं उरलेलं नाही. आणि ती दुसऱ्या ओळीकडे वळली.